'गो ऑफ'चे पाच पत्ते

मी वही बोलतेय. वही म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाळेची दोनशे पानी येत असेल, तर ती मी नव्हे. मी पत्त्यांची वही. जाड निळा पुठ्ठा, कापडी पाठ आणि उजव्या कडेला पायऱ्या-पायऱ्या कापलेल्या. प्रत्येक पायरीवर इंग्रजीचं एकेक अक्षर. 'ए' हवं तर वरच्या पायरीवर बोट ठेवायचं, 'झेड' हवं तर तळाशी उतरायचं. अशा वह्या आता कोणी बांधत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच. पुढे आणखी येईल, आधीच सांगून ठेवते.

बांधणीच्या कारखान्यात एका जाड चष्म्याच्या बाईने माझी पानं दुहेरी दोऱ्याने शिवली. त्या शिवणीवर मी आजही उभी आहे. नंतर दीड वर्ष मी एका स्टेशनरीच्या दुकानात काचेमागे उन्हात बसून होते. पुठ्ठ्याची एक बाजू जरा फिकट दिसते ती त्यामुळे.

एके दिवशी त्या दुकानात एक बाई आल्या, पुढे माझ्या झाल्या त्या, आणि त्यांनी मला उचललं.

"ही कशाला घेताय?" दुकानदारच म्हणाला. "सगळ्यांचे नंबर हल्ली फोनमध्ये असतात."

"म्हणूनच घेते," बाई म्हणाल्या. "फोन बंद पडला की मला सख्ख्या बहिणीचा नंबरसुद्धा आठवत नाही."

अशी मी बाईंच्या पिशवीत गेले. पहिल्या आठवड्यात माझ्यात बहीण आली, दाताचे डॉक्टर आले, नळदुरुस्तीवाला आला. बाई ज्यांच्यासाठी कामं करायच्या, त्या कारखान्यांचे पत्ते आले. मला वाटलं, झालं, आता जन्मभर लोकांची घरं सांभाळायची. वाईट काम नव्हतं. पण माझ्या नशिबात माणसांपेक्षा बिलंदर भाडेकरू होते.

बाई अनुवादक होत्या. यंत्रांबरोबर जी माहितीपत्रकं येतात, 'हे दाबा, ते फिरवा, इथे बोट घालू नका' असली, ती त्या इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायच्या. लिफ्टदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, चार टेबलं, एक मालक आणि बाईंनी लिहिलेलं तपासून सही करणारे काका. कोणी विचारलं, तुम्ही कादंबऱ्या का करत नाही, तर बाई म्हणायच्या, "कादंबरीत चूक झाली तर वाचक जांभई देतो. माझ्या कामात चूक झाली तर कुणाचं तरी बोट जातं."

आता इंग्रजी क्रियापदांची एक खोड तुम्हाला सांगायला हवी. गो, गेट, पुट, टेक, लुक, ही अगदी साधीभोळी क्रियापदं. पण त्यांच्यामागे अप, डाऊन, ऑफ, आऊट असं एखादं शेपूट लागतं आणि शेपूट लागलं की त्यांचा स्वभावच पालटतो. नावाला क्रियापद, कारभार सगळा शेपटाचा. स्पॅनिशला हा नाद नाही. तिच्याकडे दर कामाला वेगळा माणूस नेमलेला. 'गो अप' म्हणजे सुबिर, 'गो डाऊन' म्हणजे बाखार, 'गो आऊट' म्हणजे सालिर. त्यातला 'गो' कुठे गेला, दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही.

हसू नका. तुमच्या मराठीत भूक लागते, ठेच लागते, वाटेत गाव लागतं, मुलाला नोकरी लागते आणि ते ऐकता ऐकता आजोबांचा डोळा लागतो. परक्या माणसाने काय करावं?

तर त्या रविवारची गोष्ट. मी फोनशेजारच्या फळीवर होते. बाई आणि त्यांचे यजमान जेवायला बसले होते. यजमान बॉयलरचे मिस्त्री. सगळं जग त्यांना मिस्त्रीच म्हणायचं. त्यांना ना धड इंग्रजी येत होतं ना स्पॅनिशचा गंध होता. पण बायको काय काम करते ते रोज विचारायचे आणि ऐकायचेही.

"ह्या आठवड्यात काय केलंस?"

"शीतगृहाच्या पाट्या. सव्वीस. लावूनसुद्धा झाल्या. उद्या सकाळी सातला सुरू होतंय ते."

"काय लिहिलंस त्यांच्यावर?"

बाईंनी पोळीचा तुकडा मोडता मोडता स्पॅनिश पाटी घरच्या भाषेत म्हणून दाखवली. "दिवे बंद पडले तर जागचे हलू नका. भोंगा बंद पडला तर ताबडतोब बाहेर पडा."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "परत म्हण."

बाईंनी परत म्हटलं. ह्या खेपेला शेवटच्या शब्दांपाशी त्यांचा आवाज बारीक झाला.

"अगं, भोंगा बंद पडल्यावर कशाला बाहेर पडायचं? वाजायला लागल्यावर पडायचं ना? तिथे अमोनिया असतो. एकदा गळायला लागला की माणसाला श्वास घेऊ देत नाही."

झालं होतं असं. मूळ इंग्रजी पाटीवर दोन्हीकडे एकच शब्द होता, 'गो ऑफ'. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे विझले. भोंगा 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजायला लागला. एकाच क्रियापदाचे दोन उलटे अर्थ, तेही लागोपाठच्या ओळींत. दिवसभराच्या कामाने थकलेल्या बाईंनी पहिल्या ओळीतलं क्रियापद दुसरीतही ठेवून दिलं. काकांनीही, पहिली ओळ बरोबर आहे म्हणून, दुसरीवरून नजर फिरवली आणि सही केली.

बाईंनी मालकांना फोन लावला. मालक पाहुण्यांत होते. मागे हसण्या-खिदळण्याचा आवाज येत होता.

"उद्या बघू, बाई. एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय?"

"उद्या सातला लोक आत जाणार आहेत."

"आज रविवार आहे. आज कोण पाट्या बदलणार?"

"मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मिस्त्री ताटावरून उठले. पाइपांवर खुणा करायला ते जी रुंद पांढरी चिकटपट्टी वापरायचे, तिचं रीळ त्यांनी आणलं. मला टेबलावर आडवी ठेवून, माझ्या पाठीवर पट्टी ताणून बाईंनी तीच ओळ सव्वीस वेळा काळ्या जाड पेनाने लिहिली. त्या पेनाचा ठसा माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर अजून आहे. शीतगृहाचा पत्ता माझ्यातच होता, म्हणून त्यांच्याबरोबर मीही बसमध्ये बसले.

शीतगृहात रविवारी फक्त मुकादम होते, तापमान बघायला आलेले. स्पॅनिश बोलणारा, रुंद खांद्यांचा, सावकाश माणूस. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"म्हणजे हे चुकलेलं आहे?"

"हो. माझी चूक आहे."

मुकादमांनी पाटीवरच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काल आम्ही सराव केला. भोंगा वाजवला. पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या अकराच्या अकरा बायका जागच्या जागी उभ्या. मी ओरडलो, निघत का नाही? त्यांनी मला पाटी दाखवली. म्हणाल्या, भोंगा थांबला की निघायचं असं लिहिलंय. मलाही जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं छापलेलं आहे, शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे, आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळत असणार."

बाईंनी हे मिस्त्रींना घरच्या भाषेत सांगितलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज फुटला आणि त्या तिथल्याच एका पालथ्या खोक्यावर बसल्या.

"रडायचं ते घरी," मिस्त्री म्हणाले. "आधी पट्टी दे."

साडेतीन तास लागले. मुकादम शिडी धरायचे, मिस्त्री पाटी पुसायचे, बाई पट्टी लावायच्या. सगळ्यात आतल्या थंड खोलीत पट्टी चिकटेचना. तेव्हा मिस्त्रींनी हातमोजा काढला, उघडा तळहात पट्टीवर दाबून धरला आणि पन्नासपर्यंत आकडे मोजले. हात लालबुंद झाला. पट्टी मात्र बसली.

सोमवारी मालक भडकले. बाई परस्पर गेल्या, कारखान्यापुढे चूक कबूल केली, ऑफिसची अब्रू चव्हाट्यावर मांडली. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले. अठरा वर्षांत ते मालकांपुढे बोलायला उठल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"त्या पाटीवर माझी सही आहे," काका म्हणाले. "बोलायचं तर दोघांना बोला. आणि बाई काल गेल्या नसत्या तर आज सात वाजता काय झालं असतं, तेही एकदा बोलून दाखवा."

 दुपारपर्यंत मालकांनी नव्या पाट्या छापायला टाकल्या.

त्याच दुपारी बाईंनी मला 'जी'च्या पायरीवर उघडलं आणि माणसाच्या नावाच्या जागी लिहिलं, 'गो ऑफ'. खाली त्याचे पत्ते. दिवा असेल तर आपागार्से, विझणं. बाँब असेल तर एस्तायार, फुटणं. दूध असेल तर कोर्तार्से, नासणं. माणूस असेल तर मार्चार्से, निघून जाणं. आणि भोंगा असेल तर सोनार, वाजणं. हा शेवटचा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

काका खांद्यावरून डोकावत होते. "सोनार!" ते म्हणाले. "बरोबर आहे. कान सोनारानेच टोचावेत." बाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

तेव्हापासून माझ्यात माणसं यायची थांबली आणि क्रियापदं नांदायला लागली. एकेका क्रियापदाने चाळच बांधली. 'गेट'ला चार पानं पुरली नाहीत, ते शेजारच्या 'एच'मध्ये घुसलं. दाताच्या डॉक्टरांना डाव्या-उजव्या बाजूंनी 'डू'ने वेढून टाकलं.

आणि ह्या सगळ्यांत मिस्त्रींचा हात होता, अगदी शब्दशः. अडलं की बाई घरी त्यांना विचारायच्या आणि मिस्त्रींचा प्रश्न ठरलेला असायचा. "ते शब्दांचं राहू दे. हातांनी काय करायचं असतं ते सांग." मग 'टर्न डाऊन' आलं की दोघं गॅसच्या शेगडीपाशी जायचे. बटण फिरवून ज्योत बारीक करायची, की पार विझवायची? बारीक करायची? मग 'बाखार' लिही. कोणाचं म्हणणं 'टर्न डाऊन' केलं तर? मिस्त्री दोन्ही तळहात पुढे करून नको-नको करायचे. मग 'रेचासार' लिही.

एकदा साखर संपली. बाई म्हणाल्या, "गंमत बघा. इंग्रजीत साखर संपत नाही, माणूस साखरेतून 'रन आऊट' होतो. स्पॅनिशमध्ये मात्र साखरच संपते."

"आपल्यासारखीच," मिस्त्री म्हणाले. "धावायचं कशाला? दुकान कोपऱ्यावर आहे." आणि पिशवी घेऊन गेले.

'पुट अप विथ' आलं तेव्हा बाईंनी समजावलं, एखाद्याला मुकाट्याने सहन करत राहणं. स्पॅनिशमध्ये आग्वान्तार. मिस्त्री गंभीर चेहरा करून म्हणाले, "त्याच्यापुढे आपल्या लग्नाची तारीख घाल." बाईंनी खरंच घातली. 'पी'च्या पानावर आहे. नवी माणसं ती बघून बुचकळ्यात पडतात.

पाट्या बदलल्याला आठ महिने झाले असतील. एका दुपारी मुकादम ऑफिसचा जिना चढून आले. कपड्यांना उग्र वास होता, डोळे लाल. ते दारातच उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "आज खरोखरच वाजला."

ऑफिसातली टंकलेखनाची टकटक थांबली.

"सकाळी पाइप फुटला. भोंगा झाला आणि माझी माणसं जी निघाली ती थेट फाटकाबाहेर. चौतीस जण. मी तीनदा मोजले."

"सगळे?" बाईंनी विचारलं. "त्या अकरा जणी?"

"त्या सगळ्यांत पुढे होत्या."

 टेबलावर मी होते, माझ्यावर बाईंनी तळहात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच होता. जगात मोठमोठे ग्रंथ आहेत, सोनेरी अक्षरांचे, चामड्याच्या बांधणीचे. त्यांच्यातल्या कोणावर कोणी असा हात ठेवला असेल तर मला दाखवा.

मुकादम त्यानंतर घरच्यासारखे झाले. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, चहा घ्यायचे, बाई त्यांना शब्द विचारायच्या, ते सावकाश विचार करून सांगायचे. अशी बारा वर्षं गेली. माझ्या पाठीचं कापड विरलं, काकांनी त्यावर दोनदा नवं कापड डकवलं. दुसऱ्या ऑफिसांतली माणसं माझी पानं उतरवून न्यायची. मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे एक वही आहे." माझी मान ताठ झाली होती. वहीला मान नसते हे मला माहीत आहे, पण तुम्ही समजून घ्या.

मग मुकादमांची लेक ऑफिसात लागली. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, दोन्ही जिभेवर खेळणारी. बाईंनी मोठ्या कौतुकाने मला तिच्यापुढे ठेवलं. "ही वाच आधी. आठवडाभर दुसरं काही करू नकोस."

तिसऱ्या दिवशी ती 'पी'वर आली आणि एकदम तोंडावर हात धरून बसली. कान लाल झालेले.

"काय गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई."

"काही नाही कसं? लग्नाची तारीख बघितलीस का?"

"ते नाही. हे 'पिक अप'. उचलणं. तुम्ही इथे 'कोखेर' लिहिलंय."

"मग? पुस्तकात तेच आहे."

"पुस्तक ज्या देशातलं आहे, तिथे चालतं. आमच्याकडे..." तिने काकांकडे बघितलं, खुर्ची बाईंजवळ ओढली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

बाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी पांढरा झाला, मग गुलाबी. बारा वर्षं शंभरेक पत्रकांत, 'खोकी दोन्ही हातांनी उचला, दोघांनी मिळून उचला, वाकून उचला' असं जिथे जिथे होतं, तिथे तिथे बाईंनी तो शब्द घातला होता, जो त्या लोकांत वडीलधाऱ्यांसमोर कोणी उच्चारतही नाही!

माझं विचाराल, तर त्या क्षणी मला पुन्हा काचेमागे उन्हात जाऊन बसावंसं वाटलं. बारा वर्षं ताठ केलेली मान, आणि पोटात हे!

बाईंनी मुकादमांना फोन लावला. "बारा वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. एकदा तरी सांगायचंत!"

पलीकडून सावकाश उत्तर आलं. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं. "बाई, तुमच्यामुळे माझी चौतीस माणसं घरी गेली. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार? आणि खरं सांगू का? तो शब्द कुठे कुठे आलाय ते शोधायला माझी माणसं प्रत्येक पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागली. इतकी सुरक्षितता आमच्याकडे कधी नव्हती."

आधी काका खो खो हसायला लागले. मग मालक. मग बाई स्वतः, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संध्याकाळी मिस्त्री त्यांना न्यायला आले, त्यांना कळल्यावर ते दाराची चौकट धरून हसत राहिले.

"मग बरोबर शब्द काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"रेकोखेर," मुकादमांची लेक म्हणाली. "पुढे नुसता 'रे' लावायचा."

"कमाल आहे," मिस्त्री म्हणाले. "आपल्याकडे 'रे' लावला की मान जातो, ह्यांच्याकडे 'रे' लावला की शब्द सभ्य होतो."

बाईंनी पेन उचललं, माझ्या पानावर टेकवलं आणि थांबल्या. मग ते मुकादमांच्या लेकीच्या हातात दिलं. "तू लिही. तुझ्या अक्षरात. आणि माझा शब्द खोडू नकोस, त्याच्यापुढे लिही कुठे चालतो आणि कुठे नाही. पुढच्याला कळायला हवं की इथे खड्डा होता."

तिने हिरव्या पेनाने लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं परकं अक्षर. मला वाटलं होतं टोचेल. नाही टोचलं. उलट मला जरा हलकंच वाटलं. बाईंची सगळी खात्री एकटीने उचलून मी इतकी वर्षं उभी होते, ते तेव्हा कळलं.

त्या वर्षी तिने माझ्यात एकशेचाळीस जागी हिरवं लिहिलं. काही ठिकाणी बाईंनी भांडण केलं आणि जिंकलंही. 'लुक अप टू'वर दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या.

आणखी दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मालकांनी फुलं दिली, काकांनी भाषण म्हणून लिहून आणलेला कागद अर्ध्यावर घडी करून खिशात ठेवला. मिस्त्री खाली उभे होते. बाईंनी टेबलाचा खण रिकामा केला, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, मग मला उचललं आणि मलाही पिशवीत टाकलं. कोणी काही म्हणालं नाही. मी बाईंचीच होते.

दारापाशी पोचलो, तेव्हा मागे फोन वाजला. मुकादमांची लेक बोलायला लागली. कोणीतरी घाईत होतं, छापखान्यातून विचारत होतं. "थांबा हं, बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन कानाशी धरून, मान वर न करता तिने सवयीने हात टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे नेला. तिथे मी नेहमी असायचे. हात रिकाम्या लाकडावर पडला. तिने हात मागे घेतला. आणि पुन्हा, नकळत, तिथेच नेला.

बाईंनी ते पाहिलं. त्या परत आल्या, मला पिशवीतून काढलं आणि तिच्या हाताखाली सरकवलं. लेकीने मान वर केली, तोवर बाई जिन्यात होत्या. खालून मिस्त्रींचा आवाज आला, "काय विसरलीस?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "ठेवून आले."

आता मी त्या डाव्या कोपऱ्यात राहते. 'जी'ची पायरी हातांनी झिजून अर्धी झाली आहे, 'पी'चं पान सुटून आलंय ते पिनेने धरलं आहे. काळं अक्षर, हिरवं अक्षर, आणि गेल्या वर्षीपासून काकांच्या जागी आलेल्या मुलीचं जांभळं अक्षर. बाई दर शनिवारी फोन करतात आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारतात, "ह्या आठवड्यात कोण राहायला आलं?"

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझं कौतुक वाटलं म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवू नका. काचेमागचं ऊन मी भोगलेलं आहे. मला वापरा, चुकले असेन तिथे तुमच्या अक्षरात लिहा, पाठ फाटली तर कापड डकवा. फक्त हात धुऊन या. परवा कोणीतरी 'के'च्या पानावर जॅमचं बोट टेकवलंय आणि 'कीप ऑन'चा पत्ता चिकट झाला आहे.